पायांचा प्रवास आणि भुयारातले पाणी

१९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १५ तारखेस मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून जगप्रवासास निघाले. आदि हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया अशी त्यांची नावे. बलुचिस्तान, इराण, इराक, सिरियाचे वाळवंट, त्यापुढे युरोप व अमेरिका आणि मग पूर्वेकडून परत, असा तो मार्ग होता. १९२८ च्या मार्च महिन्याच्या १८ तारखेस तिघे मुंबईस परतले. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे ते तिघे. बाकीच्यांपैकी एक वाटेतूनच माघारी आला होता, एक अमेरिकेत राहिला आणि एक तेथून निराश होऊन घरी परतला होता. परत आलेल्या तिघांच्या खात्यावर सुमारे ४४,००० मैल जमा झाले होते. त्यांनी पुढे आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, त्यास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली.

असल्या प्रवासाची हकीकत वाचणारा मनुष्य प्रथम त्या तरुणांच्या पायांच्या ताकदीचे कौतुक करतो, मग त्यांच्या धाडसाचे, आणि मग त्यांच्या सायकलींचे. हे सर्व योग्यच होय. परंतु उष्ण आणि परक्या देशात स्वतःच्या पायांच्या बळावर जाणाऱ्याचा दिवसभराचा खरा हिशेब मैलांचा नसतो. सकाळी जेथे पाणी प्यायले तेथून संध्याकाळी जेथे पाणी मिळेल तेथपर्यंतचे अंतर, एवढाच तो हिशेब असतो. इराणच्या पठारावर पाऊस थोडा आणि बारमाही नद्या त्याहून थोड्या. तेथील असंख्य गावे डोंगराच्या पायथ्यापासून भुयाराने आणलेल्या पाण्यावर शतकानुशतके जगत आली आहेत. या भुयारी पाटास तिकडे कनात म्हणतात, बलुचिस्तानात कारेज म्हणतात. त्या कोरड्या मुलखातून सायकल हाकणाऱ्याच्या ओंजळीत पडणारे पाणी हे बहुधा कोणा अनाम कारागिराने शेदोनशे वर्षांपूर्वी खणलेल्या भुयारातून आलेले असते.

ही कारागिरी पाहण्यासाठी मुंबईच्या माणसाला इराणपर्यंत जाण्याचे कारण नाही. दिल्लीकडे जाणाऱ्या आगगाडीने भुसावळ सोडले, रावेर मागे पडले, की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर लागते. स्टेशनाजवळच्या लालबाग भागात, सातपुड्याच्या बाजूस, जमिनीत विहिरींची एक लांबलचक रांग आहे. तिला कुंडी भंडारा म्हणतात आणि लोकांच्या तोंडी खुनी भंडारा म्हणतात. तो बांधला गेला १६१५ साली. त्याच वर्षी दोन इंग्रज प्रवासी हिंदुस्थानात आले. एक पालखी, तंबू आणि नजराणे घेऊन या बऱ्हाणपुरात उतरला. दुसरा रोज एका पेनीवर गुजराण करीत पायी चालत बादशहाच्या दरबारी पोचला. या दोघांची आणि त्या भुयाराची गोष्ट एकत्र वाचली, म्हणजे लांबच्या प्रवासाविषयी पुष्कळ काही समजते.

बऱ्हाणपूर म्हटले की मराठी वाचकाला १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने केलेली लूट आठवते, किंवा शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली येथेच वारला हे आठवते. परंतु हे शहर त्याच्याही पूर्वी दोन-अडीचशे वर्षे नांदत होते. फारुकी सुलतान नसीरखान याने ते पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीच्या उत्तर तीरी वसविले आणि खुलताबादेस ज्यांचा दर्गा आहे त्या बुऱ्हानुद्दीन गरीब या साधुपुरुषाचे नाव त्यास दिले. येथून चार-पाच कोसांवर अशीरगड आहे. हा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची खिंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्षिणेचा दरवाजा. १६०१ साली अकबराने तो घेतला आणि बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे व दक्षिणेतील मोगल फौजांची छावणी झाले.

सुरत बंदरात उतरणारा परका मनुष्य आग्ऱ्यास जाऊ लागला, म्हणजे त्याला ज्या वाटा होत्या त्यांतील मोठी वाट बऱ्हाणपुरावरून जाई. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशी खानदेशातील गावे घेत ती तापीच्या काठाकाठाने येई. त्या परक्यांच्या रोजनिशांत ही नावे विचित्र वर्णाक्षरांनी लिहिलेली सापडतात. जळगाव-धुळ्याकडील वाचकास ती ओळखण्यात मोठी मौज वाटेल. सुरतेपासून बऱ्हाणपूर सुमारे सव्वादोनशे मैल. या अंतरास सर टॉमस रो या इंग्रज वकिलास पंधरा दिवस लागले. आजचा सराईत सायकलस्वार ते तीन-चार दिवसांत तोडील, पण रोच्या बरोबर बैलगाड्या होत्या, आणि काफिल्याची गती नेहमी सर्वांत मंद बैलाची असते.

रोच्या आधी आलेल्यांत विल्यम हॉकिन्स हा एक. १६०९ च्या फेब्रुवारीत तो सुरतेहून निघाला आणि बऱ्हाणपुरात सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याने त्याचे स्वागत केले. हॉकिन्सला तुर्की भाषा येत होती आणि खानखानानाच्या घराण्याची ती जुनी भाषा. दोघे त्या भाषेत कित्येक घटका बोलत बसले. निघताना खानखानानाने त्याला दोन झगे दिले आणि बादशहाच्या नावाने शिफारसपत्र दिले. हा खानखानान म्हणजेच आपल्याकडील हिंदीच्या पाठ्यपुस्तकांतून भेटणारा रहीम कवी. पाण्यावर श्लेष साधणारा त्याचा दोहा शाळेतील मुलांना पाठ असतो. मात्र त्या कवीच्याच कारकिर्दीत एका शहरासाठी डोंगर पोखरून पाणी आणले गेले, हे त्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी, १६१० मध्ये, विल्यम फिंच याच वाटेने आला. तो बारकाईने पाहणारा होता. तापीच्या पात्रातील दगडी हत्तीची त्याने लिहून ठेवलेली हकीकत गमतीची आहे. तो हत्ती इतका हुबेहूब कोरलेला, की पाणी पिण्यास आलेला एक खरा हत्ती त्याच्यावर धावून गेला आणि त्या धडकेत आपले दोन्ही सुळे मोडून बसला. दगडी हत्तीच्या कपाळी शेंदूर लावलेला असतो व लोक त्याची पूजा करतात, असेही फिंच लिहितो. राजघाटापुढे पात्रात हा हत्ती आजही आहे.

१६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात सर टॉमस रो आला. तो इंग्लंडच्या राजाचा वकील होता आणि आपल्या मानमरातबाविषयी फार दक्ष होता. शहराच्या कोतवालाने त्याला सन्मानाने मुक्कामाच्या जागी नेले. आत जाऊन पाहतो तो भिंतीच्या कडेने विटांच्या चार खोल्या, वरून घुमटाकार आणि भट्टीएवढ्या. राजाच्या वकिलाने भट्टीत राहावे काय? रोने त्या नाकारल्या आणि आपले तंबू उभारले. हा सराईचा नमुना होता. त्या काळच्या वाटसरूला एवढी भट्टीसुद्धा मोलाची वाटे, कारण रात्री दार लावून घेता येणे हीच तिची मुख्य सोय होती. पण रोला तुलनेसाठी लंडनची घरे डोळ्यांपुढे होती. बऱ्हाणपूरचा एकंदर देखावाही त्यास रुचला नाही. शहजाद्याचे, खानखानानाचे आणि आणखी थोड्यांचे वाडे वगळता सगळी मातीची घरे, असा शेरा त्याने मारला आहे.

जहांगीराचा पुत्र शहजादा परवेज तेव्हा बऱ्हाणपुरास दरबार भरवीत असे. दरबारात जमिनीपर्यंत वाकण्यास रोने नकार दिला आणि त्याचा शहजाद्यास राग आला नाही. पुढे एकांतात भेटण्याचेही ठरले, परंतु नजराण्यात दिलेल्या मद्याच्या बाटल्या शहजाद्याने त्यापूर्वीच रिकाम्या केल्या आणि भेट तेथेच राहिली. रोला मात्र या शहरात ताप भरला. तो तसाच पालखीत पडून, पुढे अजमेरपर्यंत गेला. नोकर, घोडे, तंबू, औषधे, फर्माने, सर्व काही जवळ असूनही हिंदुस्थानच्या हवेने त्याला महिनाभर जेरीस आणले.

तो अजमेरला पोचण्यापूर्वीच तेथे एक इंग्रज मजेत राहत होता. टॉमस कोरिएट हे त्याचे नाव. सॉमरसेट परगण्यातील ऑडकूम या खेड्याचा हा रहिवासी. १६०८ साली तो व्हेनिसपर्यंत जाऊन आला, आणि त्या जवळजवळ दोन हजार मैलांतील मोठा भाग त्याने पायी तोडला. परत आल्यावर ज्या जोड्यांनी प्रवास केला ते त्याने आपल्या गावच्या देवळात टांगले. लोक हसले. त्याने १६११ मध्ये प्रवासाचे जाड पुस्तक छापले, तेव्हा लंडनच्या विद्वानांनी त्याची थट्टा करणाऱ्या कविता रचल्या आणि त्याने त्या आपल्याच पुस्तकाच्या आरंभी छापून टाकल्या! हसणाऱ्यांचे तोंड याहून चांगल्या रीतीने बंद करता येत नाही. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो असे करीत १६१४ च्या शरदात तो एका काफिल्याबरोबर पूर्वेकडे वळला आणि इराण, कंदाहार, मुलतान, लाहोर, दिल्ली, आग्रा या मार्गाने १६१५ च्या जुलैमध्ये अजमेरला आला.

अलेप्पोपासून मोगल दरबारापर्यंतच्या दहा महिन्यांचा हिशेब त्याने घरी लिहिलेल्या पत्रात दिला आहे. एकूण खर्च तीन पौंड. त्यांतील दहा शिलिंग काही लबाड आर्मेनियन लोकांनी फसवून घेतले, तेव्हा प्रत्यक्ष प्रवासास लागले फक्त पन्नास शिलिंग. कित्येक देशांत अन्न इतके स्वस्त की दिवसाला एक पेनी पुरे होई. हा हिशेब त्याने मोठ्या अभिमानाने सांगितला आहे, आणि आजचे सायकलप्रवासीही आपला रोजचा खर्च अशाच अभिमानाने सांगतात. लांबच्या वाटेवरच्या माणसाची ही एक जुनी हौस आहे.

कोरिएटने वाटेत फारसी शिकून घेतली. बादशहा झरोक्यात बसला असता खाली उभे राहून त्याने फारसीत छोटे भाषण केले. आपण जगभर फिरणारा फकीर आहोत, असे त्याने सांगितले, आणि बादशहाने वरून शंभर रुपये टाकले. रो संतापला. इंग्रजाने अशी भीक मागणे म्हणजे राष्ट्राची अब्रू घालविणे, असे त्याचे मत. कोरिएटने त्यास उलट उत्तर दिले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. तंबू बाळगणाऱ्याला अब्रू परवडते. पायी चालणाऱ्याला तिच्या जागी भाषा बाळगावी लागते. कोरिएटने हिंदुस्थानीही इतकी हस्तगत केली होती, की रोच्या निवासातील एक परटीण दिवसभर तोंडाचा पट्टा चालवीत असे, तिला त्याने एके दिवशी तिच्याच भाषेत गाठले आणि सकाळी आठ वाजायच्या आत गप्प केले. ही हकीकत रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेविली आहे. टेरी आणि कोरिएट काही काळ एकाच तंबूत राहिले होते.

१६१७ च्या शेवटी मांडूहून कोरिएट सुरतेस निघाला. प्रकृती ढासळली होती. आपण वाटेत कोठे मरून पडू आणि एवढ्या प्रवासाची सर्व माहिती आपल्याबरोबर मातीत जाईल, ही भीती त्याने टेरीजवळ बोलून दाखविली होती. तीनशे मैल चालून तो सुरतेस सुखरूप पोचला. तेथल्या इंग्रजांनी प्रेमाने त्याच्यापुढे विलायती मद्य ठेवले. जुलाबाचा आजार अंगात असताना त्याने ते घेतले आणि डिसेंबरात तो वारला. वाटेने त्याला मारले नाही, मारले ते आपल्या माणसांच्या पाहुणचाराने.

आता प्रश्न असा, की हा मनुष्य पन्नास शिलिंगांत आशिया ओलांडून आला तो कोणाच्या जिवावर? काटकपणा त्याच्यात होता यात शंका नाही. पण काटक मनुष्यालाही दुपारी सावली लागते, रात्री ओसरी लागते आणि दोन्ही वेळा पाणी लागते. ज्या गावात एक पेनीला पोटभर अन्न मिळते, त्या गावात खाऊन उरेल इतके धान्य पिकलेले असते. ज्या सराईत फुकट निजता येते, ती कोणीतरी बांधलेली असते आणि तिच्या विहिरीचा गाळ दरवर्षी कोणीतरी काढलेला असतो. एकट्या प्रवाशाचे स्वातंत्र्य हे वाटेवरच्या लोकांच्या शिलकीतून येते. कोरिएटच्या हिशेबात ही रक्कम मांडलेली नाही, आणि ती प्रवासवर्णनांतून सहसा मांडली जात नाही.

बऱ्हाणपुरात ही शिल्लक डोळ्यांनी पाहता येते. तापी शहराच्या तटाखालून खोलात वाहते. फौज, बाजार, विणकरांची पेठ, हत्ती-घोडे यांना एवढे पाणी रोज वर चढवून पुरविणे कठीण. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने उत्तरेकडील सातपुड्याच्या पायथ्याची पाहणी केली. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालूनच तापीकडे उतरत असतो. तो नदीस मिळण्यापूर्वी वाटेतच गाठावा, अशी त्याची योजना होती. त्यासाठी जमिनीखाली साठवणीचे भंडारे केले. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि खुनी भंडारा ही त्यांची नावे. अशा एकूण आठ योजना तयार झाल्या असे सांगतात. पैकी खुनी भंडाऱ्याची रचना सर्वांत देखणी आहे. तीन-चार किलोमीटरांच्या रांगेत १०३ कुंड्या, म्हणजे गोल विहिरी, आणि तळाशी त्यांना जोडणारे एक सलग भुयार. काही ठिकाणी ते भुईपासून सुमारे ८० फूट खोल आहे.

या रचनेतील खुबी उताराची आहे. भुयाराला अगदी अल्प उतार ठेवावा लागतो. तो अधिक झाला तर वेगाने तळ खरवडला जातो, कमी झाला तर पाणी थबकते आणि गाळ बसतो. आजच्या उपकरणांवाचून, जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात हा उतार मैल-दोन मैल सांभाळणे हे काम किती अवघड असेल याची कल्पना विहीर खणणाऱ्यालाच येईल. वरच्या कुंड्यांतून खणताना माती बाहेर काढली जाई, आत हवा खेळे, आणि पुढे गाळ उपसण्यास व पाणी शेंदण्यास त्यांचाच उपयोग होई. पाणी भुयारातून जाळी करंज या हौदात जमे आणि तेथून नळांनी शहरात खेळे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. वैशाखात नद्यानाले आटले तरी जमिनीखालच्या पाण्याला ऊन लागत नाही.

याच दशकात अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबर भुयारी नहर काढीत होता. बऱ्हाणपूरची छावणी मलिक अंबराचा पाडाव करण्यासाठी बसलेली. खानखानानाचा मुलगा शहानवाजखान याने १६१६ मध्ये त्याचा पराभव करून खडकी लुटली. त्या शहानवाजखानाची कबर बऱ्हाणपुरात आहे, तिला लोक काळा ताजमहाल म्हणतात. एकमेकांची शहरे जाळणारे हे दोन पक्ष जमिनीखाली मात्र एकच विद्या वापरीत होते.

पंधरा वर्षांनी हीच वाट कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. १६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. तुकाराम महाराजांची पहिली पत्नी ज्या दुष्काळात अन्नावाचून गेली तोच हा दुष्काळ. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा कंपनीचा इंग्रज नोकर सुरतेहून आग्ऱ्यास निघाला. त्याच्याबरोबर काफिला होता, पैसा होता. त्याची रोजनिशी वाचवत नाही. सुरतेपासून वाट प्रेतांनी भरलेली. दुर्गंधीपासून नाकाची कोठे सुटका नाही. नंदुरबारला तंबू ठोकायला जागा सापडेना, कारण मोकळ्या जागेत मेलेली माणसे पडलेली होती. आईबाप मुले विकीत होते, आणि निदान ती तरी जगोत म्हणून फुकटही देत होते.

काफिला बऱ्हाणपुरास पोचला, तेव्हा तेथील बाजार भरलेला दिसला. कारण शहाजहान बादशहा आपल्या लष्करासह तेथे येऊन बसला होता आणि मुलखातले धान्य छावणीकडे ओढले जात होते. पुढच्या वाटेवर मंडीला लमाणांचा एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर धान्य होते. हे धान्य नंदुरबारच्या दिशेने गेले असते तर काय झाले असते, हा विचार आजच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. तांडे छावणीकडे वळले, कारण तेथे किंमत रोख मिळत होती.

दुसऱ्या वर्षी, १६३१ च्या जून महिन्यात, मुमताजमहल याच शहरात बाळंतपणात मरण पावली. तापीपलीकडील झैनाबादच्या आहूखाना बागेत तिचा देह सहा महिने ठेवला आणि मग आग्ऱ्यास नेला. बऱ्हाणपूर दाखविणारे वाटाडे ही गोष्ट रंगवून सांगतात. नंदुरबारच्या माळावरच्या माणसांची गोष्ट मात्र एका परक्याच्या रोजनिशीत राहिली. कोरिएटसारखा मनुष्य त्या वर्षी या वाटेने एक पेनी खिशात घालून निघाला असता, तर तो नवापूरच्या पुढे गेला नसता. त्याचे पाय तेच असते, त्याची जीभही तीच असती. वाटेवरच्या गावांची शिल्लक संपलेली होती, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकात सायकल आली तेव्हा हिंदुस्थानची वाटच बदललेली होती. १८८६ साली टॉमस स्टीव्हन्स हा छातीएवढ्या उंच चाकाची सायकल घेऊन लाहोरहून कलकत्त्यास गेला. तो भूप्रदक्षिणेस निघालेला होता. अफगाणिस्तानात त्याला पकडून परत इराणकडे पाठविण्यात आले होते, म्हणून तो समुद्रमार्गाने कराचीस उतरला. ग्रँड ट्रंक रस्त्यावरून तो झाडांच्या सावलीतून आणि डाकबंगल्यांच्या आश्रयाने गेला. दहा वर्षांनी जॉन फॉस्टर फ्रेझर आपल्या दोन मित्रांसह लंडनहून निघाला आणि ७७४ दिवसांत १९,२३७ मैल करून परतला, त्यातही हिंदुस्थान होता. तोवर सायकलीस हवेचे टायर आले होते आणि दोन्ही चाके सारखी झाली होती. हवेच्या टायरबरोबर बाभळीच्या काट्यांची पीडाही आली.

ही पीडा सर्वांत अधिक भोगली ती फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा डॉक्टर पती यांनी. हे अमेरिकन जोडपे १८९७ च्या पुढे कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत हिंदुस्थानातील देवळे, मशिदी आणि लेणी पाहत सायकलींवरून फिरले. चौदा हजार मैल फिरल्याचे त्यांनी १९०४ सालच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच नमूद केले आहे. एखाद्या दिवशी चाळीसपर्यंत पंक्चरे काढावी लागत. ओझे कमी ठेवावयाचे म्हणून त्यांनी जवळ फार थोडे सामान घेतले होते, आणि म्हणून लोहमार्गापासून दूर जाणे त्यांना परवडत नसे. सामान आगगाडीने पुढे जाई, पाणी व अन्न स्टेशनावर मिळण्याची आशा असे, आणि कधी पाठ टेकायला उंदरांनी भरलेली खोली मिळे. रोच्या त्या चार भट्ट्यांची आठवण येथे होते. वर्कमनबाईंच्या लेखनात हिंदी नोकरांविषयी आणि गावकऱ्यांविषयी तक्रारीचा सूर पुष्कळ आहे. ज्यांच्या विहिरीचे पाणी प्यायले, त्यांची नावे त्यात शोधूनही सापडत नाहीत. या बाबतीत फकीर म्हणवून घेणारा कोरिएट बरा होता. त्याने निदान त्यांची भाषा तरी शिकून घेतली.

लोहमार्ग बऱ्हाणपुरावरूनही गेला. भुसावळहून खांडव्याकडे आणि पुढे जबलपुराकडे जाणारी ही वाट १८७० मध्ये पुरी झाली आणि मुंबई-कलकत्ता आगगाडीने जोडली गेली. पण मुंबई-आग्रा सडक नाशिक-धुळ्यावरून सेंधव्याच्या घाटाने वर चढली आणि बऱ्हाणपूर तिच्या बाजूस राहिले. ज्या शहरात एके काळी सुरत, आग्रा आणि गोवळकोंडा येथून येणारे काफिले भेटत, तेथे पायांच्या बळावर येणारा परका मनुष्य दुर्मिळ झाला. आगगाडीतील उतारू पाणी बाटलीत भरून घेतो आणि स्टेशन सुटले की विसरतो.

मुंबईच्या त्या सहा तरुणांच्या मागोमाग, १९२४ च्या आरंभी, फ्रामरोज दावर एकटा निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव नावाचा जोडीदार मिळाला आणि दोघांनी सहारा ओलांडला. १९३३ मध्ये केकी खारास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे अफगाणिस्तानच्या वाटेने गेले आणि १९४२ साली महायुद्ध चालू असता परतले. जेथे स्टीव्हन्सला मागे फिरविले होते, त्या मुलखातून मुंबईचे हे तरुण पार झाले. गोऱ्या प्रवाशाच्या पाठीशी साम्राज्याचे डाकबंगले आणि स्टेशने होती. या तरुणांच्या पाठीशी तसले काही नव्हते. त्यांची भिस्त कारेजच्या पाण्यावर, वाटेवरच्या पोलीसठाण्यांवर आणि खेडुतांच्या ओसरीवर होती, म्हणजे जवळजवळ कोरिएटच्या काळच्या सामग्रीवर.

कुंडी भंडाऱ्याची आजची स्थिती संमिश्र आहे. भोवतालची वस्ती आणि बांधकामे वाढली, तशा काही कुंड्या खचल्या, काही बुजल्या. पाण्यातील चुना भिंतींवर थरावर थर चढत आहे आणि भुयार हळूहळू अरुंद होत आहे. मूळच्या आठ योजनांपैकी काहींचा आता उपयोग राहिलेला नाही. मध्य प्रदेश सरकारने प्रवाशांना खाली उतरविण्यासाठी एका कुंडीवर पाळणा बसविला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव आले. खाली उतरलेला मनुष्य गार पाण्यात अनवाणी उभा राहतो. वर मे महिन्याचे ऊन असते. भुयार पुढे काळोखात गेलेले दिसते आणि थोड्या थोड्या अंतरावर, कुंडीच्या तोंडातून आलेला उजेड पाण्यावर गोल पडलेला असतो.